संगीताचे सॉफ्टवेअर : नवे काय, जुने काय?

लग्नसराईत संध्याकाळच्या वेळी रेवदंड्याहून चौल, नागाव, आक्षी करीत अलिबागकडे निघालात, तर वाटेत हळदीचे दोन-तीन मांडव तरी लागतातच. पूर्वी अशा मांडवात बेंजो पार्टी असे. बेंजो अजून आहे, पण त्याच्या शेजारी ऑक्टोपॅड असतो आणि रात्र चढली की लॅपटॉप उघडून डीजे बसतो. अशाच एका मांडवाबाहेर गाड्यांच्या गर्दीत आम्ही अर्धा तास अडकलो होतो. बरोबर बारावीतला एक विद्यार्थी होता. त्याचा चुलतभाऊ हळदीची गाणी संगणकावर तयार करतो. एक गाणे संपून दुसरे कधी सुरू झाले हे आम्हाला कळलेच नाही, तेव्हा त्याने विचारले, "दादा सारखी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतो. प्रत्येक वेळी त्यात कितीतरी नव्या सोयी असतात म्हणे. मग गाणी अशी एकसारखी का?"

प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरची प्रगती खुंटली आहे काय, असे त्याला विचारायचे होते, आणि त्या व्यवसायातली जाणती माणसेही हेच विचारीत असतात. गाणी एकसारखी होण्याचा सगळा दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारता येणार नाही. गाणारे, ऐकणारे आणि पैसे मोजणारे हे सगळेच त्यात आहेत. तरी सॉफ्टवेअरचा वाटा किती, हे तपासून पाहता येते आणि त्यासाठी संगीताचे खास शिक्षण लागत नाही.

असे कोणतेही सॉफ्टवेअर उघडा आणि काहीही न वाजवता पडद्याकडे नुसते पाहा. अजून कोणी गायलेले नाही, तरी पडद्यावर बरेच काही ठरलेले असते. लय ठरलेली असते. बहुतेक ठिकाणी मिनिटाला १२० ठोके. प्रत्येक आवर्तनात चार ठोके असतात. डाव्या कडेला पियानोची पट्टी उभी असते, म्हणजे सप्तकात बारा स्वर, समान अंतरावर. त्यांची उंची 'ला' या स्वराच्या ४४० हर्ट्झवरून मोजलेली. वेळ डावीकडून उजवीकडे सारख्या चौकटींत धावते. खाली ध्वनिफितीच्या यंत्रावर असत तशी चालू, बंद, पुढे, मागे अशी बटणे असतात.

यातील प्रत्येक गोष्टीला जन्मसाल आहे. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून मिडी नावाची भाषा १९८३ मध्ये तयार झाली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी हे तिचे मुख्य शिल्पकार. डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या रंगीत पट्ट्यांचा पडदा १९८९ च्या क्युबेसने रूढ केला. १९९१ च्या प्रो टूल्सने ध्वनिफितीचे यंत्र संगणकात आणले. आजचे कोणतेही मोठे सॉफ्टवेअर उघडा, त्याची मांडणी या तिघांच्या पलीकडे फारशी गेलेली दिसत नाही. उलट आज पैसे देऊन जी जोड-सॉफ्टवेअरे विकत घेतात, त्यांतली कित्येक १९६० आणि १९७० च्या दशकांतील यंत्रांच्या नकला आहेत. पडद्यावर त्या यंत्राचे लाकूड, स्क्रू आणि हलणारा काटासुद्धा रंगवलेला असतो. मोटारीच्या पुढे घोड्याचे चित्र टांगावे तसा हा प्रकार आम्हाला वाटतो, पण हौसेला मोल नसते.

थोडे मिडीविषयी. मिडी आवाज पाठवीत नाही, हुकूम पाठवते: अमुक क्रमांकाची पट्टी, अमुक जोराने, दाबली, सोडली. पट्ट्या ० ते १२७ आणि जोरही ० ते १२७. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने एक हुकूम जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. १९८३ च्या स्वस्त चिपांवर एवढेच परवडत होते आणि त्या मर्यादेत ही रचना अतिशय हुशारीची आहे. तेव्हाचे वाद्य आजच्या संगणकाला जोडले तर आजही बोलते. संगणकाच्या जगात चाळीस वर्षे टिकलेल्या अशा गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्याच. मांडवातला ऑक्टोपॅड हेही मिडीचेच अपत्य. रोलँड कंपनीने तो १९८५ मध्ये आणला.

पण या भाषेत 'स्वर' म्हणजे दाबलेली पट्टी. त्यात मींड कोठे बसवायची? स्वर वर-खाली वाकवण्याचा एक हुकूम मिडीत आहे, पण तो एका वाहिनीवरच्या सगळ्या स्वरांना एकदम वाकवतो. एक स्वर स्थिर ठेवून दुसरा त्यावरून घसरत नेणे या भाषेत सरळपणे सांगता येत नाही.

स्वयंभू गंधाराचा हिशेब

बारा पट्ट्यांची अडचण वर्गात दाखवता येते. शाळेत पेटी असेल आणि फोनवर तानपुऱ्याचे ॲप असेल तर पुरे. तानपुरा ज्यांनी जवळून ऐकला आहे त्यांना माहीत असते की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधारही ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कारण सोपे आहे. तार कंप पावते तेव्हा मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असेही स्वर तिच्यातून निघतात आणि पाचपटीचा स्वर हा वरच्या सप्तकातला गंधार असतो. जुन्या संगीतग्रंथांत हिशेबासाठी सा २४० धरीत. त्यानुसार गंधार २४० चा सव्वापट, म्हणजे ३०० हर्ट्झ.

पेटीत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. दर पायरीला कंपनसंख्या १.०५९५ पट वाढते. अशा चार पायऱ्या चढल्या की गंधार येतो ३०२.४ हर्ट्झवर. फरक अडीच हर्ट्झचाही नाही, मग एवढा गाजावाजा कशाला? सा आणि ग एकदम वाजवले की सा चा पाचवा भागीदार १२०० वर असतो आणि ग चा चौथा १२०९.५ वर. दोघांची गाठ पडून सेकंदाला नऊ-दहा विस्पंद होतात, आणि तोच थरथराट पेटीच्या गंधारात ऐकू येतो. ॲपमधला तानपुरा पेटीच्या 'सा'शी जुळवा, पेटीवर नुसता गंधार धरून ठेवा आणि मुलांना डोळे मिटायला सांगा. संगीत न शिकलेली मुलेही 'काहीतरी हलते आहे' असे सांगतात.

हा वाद सॉफ्टवेअरपेक्षा खूप जुना आहे आणि मराठी मुलुखात तो जोरात झाला आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, आणि त्यांच्या विचाराने भारलेल्या अर्नेस्ट क्लेमेंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याने लंडनला श्रुती-हार्मोनियम घडवून घेतली. १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी घातली, ती १९७० च्या दशकात सैल झाली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली आहे. या माणसांचा चिवटपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो. तरी बारा पट्ट्यांच्या जागी बावीस पट्ट्या आल्या म्हणजे प्रश्न सुटला असे आम्ही मानत नाही. नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये कलावंतांचे ध्वनिमुद्रण प्रत्यक्ष मोजले, तेव्हा एकच स्वर वेगवेगळ्या कलावंतांकडे वेगवेगळ्या उंचीवर सापडला. तो कुठून येतो आणि कुठे जातो, यालाही महत्त्व असते. गाणाऱ्याच्या गळ्यात पट्ट्या नसतात, रेषा असते. पट्ट्यांची संख्या वाढवत राहिल्याने रेषा मिळत नाही, तिच्याजवळ फक्त जाता येते.

धवळ्याची गोष्ट

आता त्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. त्याच्या नात्यातली एक म्हातारी बाई धवलारीण आहे. रायगडच्या किनाऱ्यावर आगरी लग्नात विधी सुरू असताना धवळे गाणारी ही बाई. एका अर्थी लग्न तीच लावते. आमच्या सांगण्यावरून त्याने फोनवर तिचा एक धवळा मुद्रित केला. त्याला ढोलकीची साथ नव्हती, टाळी नव्हती. काही ओळी दुसऱ्या ओळींहून स्पष्टच लांब होत्या, कारण शब्द लांब होते. आणि ओळीच्या शेवटी ती जिथे थांबे तिथे थांबण्याला वेळेचे माप नव्हते. मुहूर्ताला अवकाश असेल तर धवळा लांबतो, नवरदेव आला की आवरतो.

मुद्रण चुलतभावाकडे गेले. हा मुलगा हुशार आहे. घरातल्या एका खोलीत, भिंतींना गोधड्या लावून, त्याने जी कामे केली आहेत ती चांगली आहेत. त्याने धवळा सॉफ्टवेअरमध्ये घेतला आणि पहिलाच प्रश्न आला तो लयीचा. धवळ्याला एक लय नव्हती, म्हणून त्याने एक दिली. मग प्रत्येक अक्षर जवळच्या चौकटीवर सरकवले. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. म्हणजे कोणतेही अक्षर फार तर ६२ मिलिसेकंद इकडे-तिकडे होते. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण ओळींच्या मधले थांबे चौकटीत बसेनात, ते कापावे लागले. नंतर स्वर बारा पट्ट्यांवर बसवले. खाली ढोल, वर बेंजोचा तुकडा. गाणे झकास झाले, यात शंका नाही.

म्हातारीला ऐकवले. तिने पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, ही बाई दम कधी घेते?

आम्ही चुलतभावाला हे बोलून दाखवले तेव्हा तो चिडला नाही. त्याचे म्हणणे असे : रात्री दोनशे माणसे नाचणार, एका गाण्याला दुसरे गाणे जोडायचे, दोघांची लय एक नसेल तर पाय अडखळतील. हे अगदी रास्त आहे. नाचायला लय ठाम लागते, आणि ढोल-ताशासुद्धा तेच करतो. आमची तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. धवळा धवळ्यासारखाच ठेवून त्यावर काम करायचे असते, तर सॉफ्टवेअरने त्याला कोणता रस्ता दाखवला असता? चौकट बंद करता येते, लयीचा नकाशा हाताने आखता येतो, हे खरे. पण तो रस्ता चार मेनूंच्या आत दडलेला आहे आणि तिथवर गेले की बाकीची अर्धी साधने काम करीत नाहीत. ज्या वाटेला उतार आहे त्या वाटेने पाणी जाते. गाणी एकसारखी का, याचे निम्मे उत्तर आम्हाला इथे सापडते.

मग प्रगती कोठे झाली?

प्रगती झालीच नाही असे म्हणणे मात्र अडाणीपणाचे होईल. ध्वनीवर प्रक्रिया करण्याच्या विद्येत गेल्या तीस वर्षांत जे झाले ते चकित करणारे आहे. १९९७ मध्ये आलेल्या ऑटो-ट्यूनचेच पाहा. गायकाचा बेसूर स्वर सुरात आणणारे हे सॉफ्टवेअर अँडी हिल्डेब्रँड यांनी लिहिले, आणि हे गृहस्थ आधी तेलसंशोधनात होते. जमिनीत किंवा समुद्रात धक्का द्यायचा, खडकांच्या थरांवरून परत येणारे प्रतिध्वनी नोंदवायचे आणि त्यांतून खाली काय आहे ते ओळखायचे, हे त्यांचे काम. याच प्रकारच्या सर्वेक्षणाने आपल्या समोरच्या समुद्रात, मुंबई हाय येथे तेलाचा माग लागला आणि १९७४ मध्ये तेल सापडले. तिथले तेल आणि वायू उरणला किनाऱ्यावर येतात. तेव्हा उरणचा प्रकल्प आणि हळदीच्या गाण्यातला तो यंत्रासारखा आवाज हे दूरचे भाऊबंद आहेत, असे वर्गात सांगायला हरकत नाही.

त्यामागचे गणित स्वसहसंबंध या नावाचे आहे, आणि ते पारदर्शक कागदावर करून पाहता येते. फळ्यावर किंवा वहीत एक पुन्हा पुन्हा येणारी, पण वेडीवाकडी लाट काढा. तीच पारदर्शक कागदावर गिरवा. कागद मूळ लाटेवर ठेवून हळूहळू उजवीकडे सरकवा. सुरुवातीला लाटा जुळत नाहीत, मग एका जागी अचानक बरोबर जुळतात. जितके सरकवावे लागले तितका लाटेचा आवर्तनकाल, आणि एकाला त्याने भागले की कंपनसंख्या. गायकाचा स्वर किती उंचीवर आहे हे संगणक असेच ओळखतो, सेकंदाला कित्येकदा. पुढची पायरी म्हणजे तो स्वर उचलून जवळच्या पट्टीवर ठेवणे. पहिली पायरी उत्तम विज्ञान आहे. दुसऱ्या पायरीत 'जवळची पट्टी कोणती' हे पुन्हा त्या १९८३ च्या पट्टीलाच विचारले जाते.

दुसरे उदाहरण ध्वनी वेगळे करण्याचे. एकत्र मुद्रित झालेल्या गाण्यातून गळा एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला काढणे दहा-पंधरा वर्षांपूर्वी जवळजवळ अशक्य मानले जाई. पिठात कालवलेले मीठ वेचण्यासारखेच ते. २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने स्प्लीटर नावाचे असे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. यंत्राला हजारो गाण्यांची चित्रे दाखवून, कोणता ठिपका गळ्याचा आणि कोणता ढोलाचा हे शिकवलेले असते. बीटल्सचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले शेवटचे गाणे, जॉन लेननच्या १९७० च्या दशकातल्या घरगुती कॅसेटवरचा आवाज अशा तंत्राने सोडवून पुरे केले गेले. ज्यांच्या घरी आजीच्या आवाजाची, पंख्याच्या घरघरीसकट, एखादी जुनी कॅसेट पडली आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे.

स्वस्ताईचीही नोंद घ्यायला हवी. पूर्वी ज्या कामासाठी मुंबईचा स्टुडिओ तासाच्या भावाने घ्यावा लागे, ते गोधड्यांच्या खोलीत होते. २००० मध्ये आलेले ऑडॅसिटी फुकट मिळते. याला कोणी प्रगती म्हणणार नसेल तर आमचा त्याच्याशी वाद आहे.

मग खुंटले काय? आमच्या मते, संगीत म्हणजे काय याचे जे चित्र कोऱ्या पडद्यावर असते ते खुंटले. यंत्राचे हातपाय बळकट झाले, चित्र तेच राहिले. यावर एक आक्षेप येईल : तानपुरा शतकानुशतके बदललेला नाही, व्हायोलिनही नाही, त्यांना कोणी खुंटलेली म्हणत नाही. आक्षेप बरोबर आहे. वाद्य स्थिर असले तरच हात तयार होतो. पण तानपुरा गाणाऱ्याला कोणता राग गा हे सांगत नाही. ज्या वाद्यातून आज जगातले बहुतेक मुद्रित संगीत जाते त्याने मात्र लय आणि स्वर आधीच गृहीत धरावेत, ही गोष्ट निराळी आहे.

दुसरे चित्र काढता आले असते काय? आले असते, आणि काढलेही गेले होते, तेही आपल्याकडे. १९८० च्या दशकात भारतात राहून काम करणारे फ्रेंच संशोधक बर्नार्ड बेल यांनी गाण्याची रेषा काढणारे यंत्र बांधले. गायक गातो आणि त्याच्या स्वराची उंची काळाबरोबर कशी बदलते याचा आलेख मिळतो. मागे पियानो नाही. पुढे मुंबईच्या एन.सी.पी.ए.मध्ये सुवर्णलता राव आणि ॲमस्टरडॅमचे विम व्हान डेर मेर यांनी अशा आलेखांतून रागसंगीत दाखवण्याचे काम केले. गाणे सुरू असते आणि पडद्यावर रेषा पुढे सरकत जाते. षड्ज कोठला हे गायकावरून ठरते, ४४० वरून नाही. आय.आय.टी. मुंबईत प्रीती राव यांच्या गटानेही गळ्याची रेषा वाद्यांच्या गर्दीतून वेगळी काढण्यावर बरीच वर्षे काम केले आहे.

बर्नार्ड बेल यांचेच दुसरे काम आम्हाला अधिक विलक्षण वाटते. तबल्याचे अभ्यासक जेम्स किपेन लखनौला उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे शिकत होते. कायद्याचा विस्तार करताना कोणते बोल कोणानंतर येतात याचे नियम असतात, पण उस्ताद ते सूत्ररूपाने सांगत नाहीत, वाजवून दाखवतात. बेल आणि किपेन यांनी हे नियम व्याकरणासारखे लिहून 'बोल प्रोसेसर' नावाचे सॉफ्टवेअर केले. यंत्र नवे पलटे रची, ते वाजवून किंवा म्हणून दाखवले जात आणि उस्ताद 'हे चालेल' किंवा 'हे आमच्या घराण्याचे नाही' असे सांगत. त्यावरून व्याकरण सुधारत. आजही हे सॉफ्टवेअर जिवंत आहे आणि खुले आहे. त्यात वेळ चौकटीतली असू शकते किंवा चौकटीबाहेरची, धवळ्यासारखी मोकळी. हेच बेल पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात सामील झाले. तो एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आता 'परी' या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतो आहे.

बाजाराने ही चित्रे उचलली नाहीत, याचे कारण त्यांत खोट होती असे नाही. सॉफ्टवेअर विकत घेणारा मोठा ग्राहक जिथे होता तिथले संगीत पट्ट्यांवर आणि चौकटीत बऱ्यापैकी बसत होते. त्याला अडचण जाणवली नाही, म्हणून ती सोडवली गेली नाही. याला कट वगैरे म्हणण्याचे कारण नाही.

गेल्या काही वर्षांत दार किलकिले झाले आहे. २०१८ मध्ये मिडीत प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकवण्याची सोय मान्य झाली. २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती आली, तीत जोराच्या १२८ पायऱ्यांच्या जागी पासष्ट हजारांवर पायऱ्या आहेत आणि स्वराची उंची हवी तिथे ठेवता येते. २०२४ मध्ये एबलटन लाइव्हच्या बाराव्या आवृत्तीत बारा समान स्वरांखेरीज इतर स्वरसप्तके घेता येऊ लागली. इतक्या वर्षांनी का होईना. आता धवळ्याचे, भूपाचे, कीर्तनातल्या चालीचे सप्तक कोणी मोजून त्या यंत्राला दिले तर ते घेईल. मोजणार कोण, हा प्रश्न राहतो आणि तो इथल्याच माणसांकडे येतो.

याउलट, नुसते शब्द लिहिले की संपूर्ण गाणे तयार करून देणारी सुनोसारखी सॉफ्टवेअरे २०२३ पासून आली आहेत. तंत्र म्हणून ती थक्क करतात. पण बोल प्रोसेसरच्या शेजारी ठेवून पाहिली की एक उणीव डोळ्यांत भरते. तिथे 'हे आमचे नाही' असे म्हणायला उस्ताद बसलेले होते. इथे जे आधीच भरपूर आहे त्याची सरासरी मिळते, आणि धवळे त्या भरपुरात फारच थोडे आहेत. आम्ही एकदा अशा यंत्राकडे आगरी लग्नातला धवळा मागितला. त्याने दिला, त्यात पहिल्या सेकंदापासून ढोल होता.

शाळेत काय करता येईल, असे शिक्षक नेहमी विचारतात. अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा मुलांना दाखवायला नेणारे शिक्षक इथे बरेच आहेत. तिची गोष्ट इथे उपयोगी पडेल. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या काळात ती नोंद अलिबागला हलवली गेली. पण एके दिवशी तिकडचे बंद आणि इकडचे सुरू असे त्यांनी केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे नव्या जागेचा फरक किती आणि पृथ्वीचा किती हे वेगळे ओळखता यावे. त्यामुळेच कुलाब्याच्या जुन्या नोंदी आणि अलिबागच्या नव्या नोंदी यांची साखळी तुटलेली नाही.

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही तेच करायला सांगितले. फोनवरचे मूळ मुद्रण हात न लावता एका जागी, तारीख, गाव आणि प्रसंग लिहून ठेवायचे. त्याची प्रत भावाला द्यायची. मग प्रात नावाचे फुकट सॉफ्टवेअर घ्यायचे. १९९० च्या दशकात ॲमस्टरडॅमच्या पॉल बर्समा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते उच्चारशास्त्रासाठी केले. डच भाषेत या शब्दाचा अर्थ 'बोल' असा आहे. त्यात मूळ धवळा आणि हळदीचे गाणे या दोघांच्या स्वररेषा एकाखाली एक काढायच्या. पहिल्या रेषेत ओळीच्या शेवटचा स्वर हळूहळू उतरत जातो, थांबतो, रेषा तुटते आणि बऱ्याच अंतरानंतर पुन्हा सुरू होते. दुसरीत पायऱ्या दिसतात, जिन्यासारख्या सरळ, आणि रेषा कुठे तुटत नाही.

त्याने दोन्ही आलेख छापून म्हातारीकडे नेले. तिला वाचता येत नाही, पण वरच्या कागदावर रेषा तुटली होती तिथे त्याने तिचे बोट ठेवले आणि तिने तिथे दम घेतला. पुढच्या लग्नात ती गाणार आहे. त्या वेळी दोन फोन लावायचे, एक तिच्याजवळ आणि एक मांडवाच्या दाराशी, असे त्याने ठरवले आहे.